यंत्र अडलंय की पैसा?

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या शेडच्या मागे, यार्डात, एक टाकी पावणेआठ महिने उभी होती. तीन मीटर व्यासाची, आतून रबर लायनिंग केलेली, वर निळी ताडपत्री. पाण्याच्या दाबाची हायड्रो टेस्ट झालेली, लायनिंगमधली भोकं ठिणगीने शोधणारी स्पार्क टेस्ट झालेली, बाहेरून आलेल्या इन्स्पेक्टरने शिक्का मारलेला. शेलवर फोरमनने खडूने ठळक ‘होल्ड’ लिहिलं होतं. पावसाने ते धुऊन गेलं की तो पुन्हा लिहायचा. मी तेव्हा तिथे क्वालिटी बघायचो. टाकी का जात नाही म्हणून विचारलं की त्याचं ठरलेलं उत्तर, “साहेब, पार्टीनुं पेमेन्ट बाकी छे.”

पार्टी म्हणजे एक खाण कंपनी. तिच्या डेमो प्लांटसाठी, म्हणजे मोठा प्लांट उभारण्याआधी पद्धत तपासायच्या छोट्या प्लांटसाठी, ही टाकी होती. त्याच वर्षीचा तिचा वार्षिक अहवाल एका ओळखीच्या माणसाकडे पाहायला मिळाला. त्यात लिहिलं होतं की, उपकरणं पुरवणाऱ्यांकडून विलंब झाल्यामुळे प्रकल्पाचं वेळापत्रक पुढे गेलं आहे. खाली भागधारकांच्या संयमाबद्दल आभार. पुरवणारे म्हणजे आम्हीच की! आमचा ‘विलंब’ ताडपत्रीखाली शिक्क्यासकट तयार उभा होता, आणि तिकडे हजारो लोक आमच्या नावाने धीर धरून बसले होते.

ती टाकी मला परवा आठवली ती भाच्यामुळे. ताईचा मुलगा, कॅनडात असतो, रविवारी फोन करतो. तिथल्या एका छोट्या खाण कंपनीचे शेअर त्याने घेतलेत. कंपनी दुर्मिळ मृदा धातू (रेअर अर्थ) वेगळे करण्याचा डेमो प्लांट उभारते आहे. सुरू होण्याची तारीख तिसऱ्यांदा पुढे ढकलली, कारण एकच : यंत्रं यायला वेळ लागतोय. “मामा, तू त्या लाइनीतला. धीर धरू का विकून मोकळा होऊ?”

या प्रश्नाला कामाटीबागेत सकाळी फिरणाऱ्या आमच्या मंडळींकडे दोन तयार उत्तरं आहेत. एक गृहस्थ वडोदरा शेअर बाजार चालू होता तेव्हा सयाजीगंजात रोज जाऊन बसायचे. ते म्हणतात, झाड लावून दुसऱ्या दिवशी फळ मागू नये. दुसरे म्हणतात, सगळे चोर आहेत, कधीच विकायला हवे होते. दोघेही बोलतात ते गुंतवणूकदाराच्या स्वभावाबद्दल. यंत्राबद्दल दोघांपैकी कोणीच विचारत नाही. माझं म्हणणं असं की धीर ही उधारी आहे. उधारी मागणाऱ्याने वही दाखवली पाहिजे, आणि या वहीत काय लिहायचं ते कायद्याने ठरवून द्यायला हवं. आज ते ठरलेलं नाही.

आधी उशिराची बाजू घेतो, कारण ती खरोखर भक्कम आहे. प्रयोगशाळेत किलोभर दगड दळून, आम्लात विरघळवून त्यातून धातू काढला, म्हणजे पद्धत सिद्ध झाली असं नसतं. बीकरमधलं द्रावण एकदा वापरून ओतून देता येतं. प्लांटमध्ये तेच द्रावण पुन्हा पुन्हा फिरवावं लागतं, आणि फिरता फिरता त्यात नको ते साठत जातं. लोखंड, कॅल्शियम, सिलिकाचा चिकट गाळ. फिल्टर प्रेसची कापडं तुंबतात, पाइपात खपली धरते. हे पहिल्या दिवशी दिसत नाही. प्लांट काही आठवडे अखंड चालवावा तेव्हा दिसतं, आणि डेमो प्लांट असतो तो नेमका याचसाठी. तिथे एक पंप चुकला तर काही लाख जातात. मोठ्या प्लांटमध्ये तीच चूक कंपनी बुडवते.

अमेरिकेतले धातुशास्त्रज्ञ टेरी मॅकनल्टी यांनी 1998 साली एक्केचाळीस प्लांट तपासले होते. सुरू झाल्यापासून कोण किती महिन्यांत ठरलेल्या क्षमतेला पोचलं, एवढंच त्यांनी मांडलं. जे प्लांट नीट पोचले त्यांचं तंत्र रुळलेलं होतं किंवा आधीच्या चाचण्या कसून झालेल्या होत्या. ज्यांनी चाचण्या उरकल्या, त्यातले सगळ्यात वाईट प्लांट तीन वर्षांनीही अर्ध्याच्या फारसे पुढे गेले नव्हते. त्याच दशकाच्या अखेरीस पश्चिम ऑस्ट्रेलियात निकेलचे तीन प्लांट जवळपास एकाच वेळी उभे राहिले : मरिन मरिन, कॉझ आणि बुलाँग. तिन्हींचं तंत्र एकच, दगड दळून तो उच्च दाबाच्या पात्रात गंधकाम्लाबरोबर शिजवायचा. क्यूबात मोआला हे 1959 पासून चालू होतं, तेव्हा अगदी अनोळखी नव्हतं. पण दगड वेगळा, पाणी वेगळं, यंत्रांचा धातू वेगळा. कॉझ आणि बुलाँग पुढे बंद पडले. मरिन मरिन आज चालतो, पण तो मार्गी लागेपर्यंत कित्येक वर्षं गेली, आणि तो आता ग्लेनकोर या बड्या खाण कंपनीच्या ताब्यात आहे. छोट्या प्लांटवर घालवायचा वेळ तिथे मोठ्या प्लांटवर खर्च झाला.

तेव्हा उशीर झाला म्हणून आरडाओरडा करणाऱ्यांत मी नाही. त्या ओरड्याने कंपन्या घाबरून चाचण्या कापतात, हेही मी पाहिलंय. पण ‘उपकरणांचा विलंब’ या दोन शब्दांच्या पोटात एकमेकांशी काही नातं नसलेल्या गोष्टी एकत्र झाकल्या जातात. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते त्यामुळे कळतच नाही.

एखादं यंत्र बनायला खरंच वेळ लागतो. टायटॅनियमची किंवा डुप्लेक्स स्टीलची जाड प्लेट बाजारातून उचलून आणता येत नाही, मिलकडे नोंदवावी लागते. डिश एंड, म्हणजे टाकीची फुगीर टोकं, वेगळीकडे वळून येतात. वेल्डिंगची एक्स-रे तपासणी, सांधा नापास झाला की खरवडून पुन्हा वेल्डिंग, पुन्हा एक्स-रे. डेमो प्लांटची यंत्रं तर एकुलती एक असतात. त्या मापाचं आधी कोणी बनवलेलं नसतं आणि नंतर कोणी मागणार नसतं. दहा एकसारखे रिअ‍ॅक्टर मागणारं औषधाचं गिऱ्हाईक समोर असताना फॅब्रिकेटर या एकट्या टाकीला मागे सारतो. आम्हीही सारायचो, खोटं कशाला बोलू? या उशिरापुढे धीर धरण्यावाचून इलाज नाही, आणि त्यात कोणाची लबाडीही नाही.

दुसरी गत अशी की यंत्र येतं आणि चालत नाही. याचा बडोद्याइतका जुना दाखला दुसऱ्या गावाकडे क्वचितच असेल. खंडेराव महाराजांनी 1862 साली डभोई ते मियागाम अरुंद रुळांची गाडी सुरू केली. ती बैल ओढायचे. पुढच्या वर्षी ग्लासगोच्या नीलसन कंपनीची इंजिनं आली, तेव्हा लक्षात आलं की हे रूळ त्यांचं वजन पेलणार नाहीत. इंजिनं दारात आणि गाडीला पुन्हा बैल! वजनदार रूळ घालून मार्ग नव्याने झाला तो 1873 साली. दहा वर्षं. खंडेराव तोवर हयातही नव्हते. पण खजिना एकाचाच होता आणि संस्थानाला इतर उत्पन्न होतं, म्हणून दहा वर्षं निभावली. क्यूबेकमधल्या ऑर्बाइट कंपनीला ते जमलं नाही. तिच्या अतिशुद्ध अ‍ॅल्युमिनाच्या प्लांटमध्ये भाजण्याच्या यंत्रणेत दोष निघाला आणि 2017 साली कंपनीला देणेकऱ्यांपासून संरक्षण मागायला कोर्टात जावं लागलं. यंत्र पोचलेलं होतं, धीरही भरपूर धरला गेला होता. इथे गुंतवणूकदाराने विचारायची गोष्ट वेगळी : दोष कशात सापडला, तो दुरुस्त करायला किती लागतील, आणि तेवढे गाठीला आहेत का.

आणि मग आमच्या टाकीची गत. हिच्यावर मी जरा जास्त बोलणार, कारण बाहेरच्या माणसाला ती दिसत नाही.

लोकांना वाटतं ऑर्डर दिली की घड्याळ सुरू झालं. तसं नसतं. पर्चेस ऑर्डर म्हणजे कागद. बहुतेक शेडमध्ये घड्याळ सुरू होतं दोन गोष्टी हातात पडल्यावर : अ‍ॅडव्हान्स आणि मंजूर ड्रॉइंग. अ‍ॅडव्हान्स आल्याशिवाय प्लेट बुक होत नाही. ड्रॉइंग मंजूर होऊन आलं नाही तर प्लेट आली तरी कापता येत नाही. कंपनीकडे पैशांची ओढाताण असली की ड्रॉइंगवर एकाएकी शंका निघू लागतात. या नोझलची उंची बदला, त्या फ्लँजचं रेटिंग बदला. दर शंकेला तीन आठवडे. मी पहिल्या पहिल्यांदा ते इमानेइतबारे दुरुस्त करून पाठवायचो. आमचे मालक हसायचे. म्हणायचे, “भाऊ, हे ड्रॉइंगचं दुखणं नाहीये, खिशाचं आहे.” मग माल तयार झाला की उरलेली रक्कम भरा आणि माल उचला, असा धंद्याचा सरळ नियम. ती भरेपर्यंत खडूने ‘होल्ड’.

होल्डवर पडलेलं यंत्र तसंच राहतं असंही नाही. टणक रबराच्या लायनिंगला ऊन आणि थंडी-उष्णतेचे धक्के मानवत नाहीत. बारीक चीर गेली तर डोळ्यांना दिसत नाही, आम्लाला मात्र बरोबर सापडते. त्या टाकीने बडोद्याचा मे महिना उघड्यावर काढला होता. शेवटी पैसे आले तेव्हा मी पुन्हा स्पार्क टेस्ट घ्यायला लावली. दोन ठिकाणी ठिणगी पडली. दुरुस्तीला आणखी तीन आठवडे. हे तीन आठवडे खरोखर पुरवणाऱ्याकडचे होते, आणि पुढच्या अहवालात तेवढेच छापून आले असतील तर नवल नाही.

ज्या कंपनीला दुसरं उत्पन्न नाही तिच्या बाबतीत हे वाट पाहणं फुकट नसतं. पगार, भाडं, वकील, शेअर बाजाराची फी चालूच राहते. पैसे संपत आले की कंपनी नवे शेअर काढते. हिशेब सोपा आहे. समजा दहा कोटी शेअर आहेत आणि प्रत्येक तारीख हुकल्यावर कंपनीने दोन कोटी नवे विकले. तीन तारखा हुकल्या की सोळा कोटी झाले. तुमचा सोळा आण्यांचा हिस्सा दहा आण्यांवर आला. भाव पडला नाही तरी आला. ‘नुसता धीर धरला, काही केलं नाही’ असं म्हणणाऱ्याने प्रत्यक्षात सहा आणे मोजलेले असतात. म्हणून धीराला मी उधारी म्हणतो.

आता कायदा काय म्हणतो? आपल्याकडे कंपनी पहिल्यांदा लोकांकडून यंत्रांसाठी पैसा मागते तेव्हा सेबीच्या 2018 च्या नियमांप्रमाणे तिला माहितीपत्रकात यंत्रांचा तक्ता द्यावा लागतो : यंत्र कोणतं, किंमत किती, पुरवणार कोण, ऑर्डर कधी दिली, माल कधी अपेक्षित आहे. किती टक्के यंत्रांच्या ऑर्डरी अजून द्यायच्याच आहेत, हेसुद्धा. उत्तम नियम आहे. माझ्यासारख्याने तो तक्ता पाहिला की पाच मिनिटांत अंदाज येतो, म्हैस पाण्यात आहे की गोठ्यात. पण एकदा पैसे गोळा झाले की हा तक्ता पुन्हा कधी भरून दाखवावा लागत नाही. पैसा कुठे वळवला याचा हिशेब देण्याचे नियम आहेत, मोठ्या इश्यूत देखरेख करणारी संस्था कामाच्या उशिराचाही अहवाल देते, ते वेगळे. वळवला नाही, नुसता अडकला किंवा पुरलाच नाही, तर एकेका यंत्राची आजची स्थिती काय हे सांगण्याची सक्ती नाही.

सूचिबद्ध कंपन्यांसाठी सेबीचे 2015 चे नियम आहेत. त्यांच्या तिसाव्या कलमाखाली कळवायच्या घटनांची यादी आहे आणि तिच्यात व्यावसायिक उत्पादन किंवा व्यावसायिक कामकाज सुरू होण्याची तारीख पुढे ढकलणं स्पष्ट लिहिलेलं आहे. शब्द नीट वाचा : व्यावसायिक. डेमो प्लांट विक्रीसाठी माल काढत नाही, तो पुरावा काढतो. ज्या कंपनीची सगळी किंमत त्या पुराव्यावर टांगलेली आहे तिची सगळ्यात मोठी तारीख या शब्दांतून सुटून जाऊ शकते. महत्त्वाची घटना म्हणून कंपनीने आपणहून कळवावी अशी अपेक्षा धरता येते, पण महत्त्वाची आहे की नाही हे आधी ठरवणार कंपनीच.

ऑस्ट्रेलियाच्या शेअर बाजारात एक साधी गोष्ट आहे जी मला फार आवडते. तिथल्या खनिज शोधणाऱ्या कंपन्यांना दर तिमाहीला रोखीचा एक तक्ता भरावा लागतो आणि त्यात हातातला पैसा किती तिमाही पुरेल हा आकडा काढून लिहावा लागतो. दोनपेक्षा कमी निघाला तर पुढचे प्रश्न आहेत : पैसा कुठून आणणार, आणि का मिळेल असं वाटतं? आपल्याकडे रोखीचा ताळेबंद वर्षातून दोनदा मिळतो आणि तो वाचून भागाकार आपला आपण करायचा.

मला हवं ते एवढंच. ज्या कंपनीने डेमो प्लांटच्या भरवशावर लोकांकडून पैसा घेतलाय तिने माहितीपत्रकातला तोच तक्ता दर तिमाहीला पुन्हा भरावा. प्रत्येक मोठ्या यंत्रासमोर : अ‍ॅडव्हान्स दिला का, ड्रॉइंग मंजूर झालं का, तपासणी झाली का, उरलेली रक्कम भरली का, माल साइटवर पोचला का. शेवटी एक ओळ, पैसा किती तिमाही पुरेल. एका पानाचं काम आहे. प्रकल्पाच्या माणसाकडे ही यादी एक्सेलमध्ये असतेच, दर सोमवारी तो ती बघत असतो.

यावर पहिला आक्षेप येईल गुप्ततेचा. पुरवणाऱ्याचं नाव आणि किंमत कळली तर प्रतिस्पर्धी शहाणे होतील. ठीक, नाव आणि किंमत देऊ नका. ‘लीचिंग टाकी क्रमांक 2, तपासणी पूर्ण, रक्कम बाकी’ यात कसलं गुपित? दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. असा तक्ता दिला की आठवड्याभराच्या दिरंगाईवरही भाव कोसळेल, आणि चांगली कंपनीही घाबऱ्या गुंतवणूकदारांपायी मरेल. हे होईलही काही वेळा. पण आज काय होतं? तारीख हुकते तेव्हा खरा उशीर आणि खिशाचा उशीर या दोन्ही कंपन्या एकच वाक्य लिहितात, आणि बाजार दोघींना सारखंच झोडपतो. ज्या कंपनीची प्लेट खरोखर मिलमध्ये अडकली आहे तिला आपलं खरेपण दाखवायला जागाच नाही. तक्त्याचा पहिला फायदा तिला होईल.

हे आत्ता लिहायचं कारण बडोद्यापासून फार दूर नाही. छोटा उदेपूर जिल्हा 2013 पर्यंत वडोदरा जिल्ह्याचाच भाग होता. तिथलं कडीपाणी फ्लोरस्पारसाठी आम्हाला जुनं माहीत. आता तिथल्या आंबाडुंगरच्या दुर्मिळ मृदा धातूंची चर्चा आहे. चीनने एप्रिल 2025 मध्ये अशा सात धातूंच्या निर्यातीवर परवान्याची अट घातल्यापासून तर चहाच्या टपरीवरही डिस्प्रोशियम ऐकू येतं. तो प्रकल्प जीएमडीसीचा, म्हणजे लिग्नाइट विकून ज्याचं घर चालतं अशा सरकारी महामंडळाचा. खंडेरावांसारखी त्याला इतर मिळकत आहे, उशीर झाला तर चूल बंद पडणार नाही. पण त्याच्या मागोमाग लहान कंपन्या येतील. केंद्राने जानेवारी 2025 मध्ये महत्त्वाच्या खनिजांसाठी 16,300 कोटींचं अभियान मंजूर केलंय. प्लांट उभे राहतील, त्यांची यंत्रं बरीचशी मकरपुरा, मंजुसर, पोर-रमणगामडी इथेच बनतील. आणि त्यांचे शेअर याच गावातले लोक घेतील, रावपुऱ्यातल्या निवृत्त शिक्षकांपासून सगळे. टाकी एका गल्लीत ‘होल्ड’वर आणि तिचा मालक दुसऱ्या गल्लीत धीर धरून बसलेला, असं चित्र मला तरी पाहायचं नाही.

भाच्याला मी धर किंवा सोड असं काही सांगितलं नाही. चार प्रश्न लिहून दिले आणि कंपनीच्या गुंतवणूकदार विभागाला पाठवायला सांगितलं. अडलेली यंत्रं नेमकी कोणती? त्यांचा अ‍ॅडव्हान्स कधी दिला? ड्रॉइंग कोणत्या तारखेला मंजूर झालं? तयार होऊन पैशांसाठी थांबलेलं काही आहे का? नऊ दिवसांनी उत्तर आलं. पहिल्या तिन्हींचं नीट, तारखांसकट. त्या विभागातल्या बाईंनी मिक्सर-सेटलरचा, म्हणजे द्रावणं ढवळून वेगळी करायच्या यंत्राचा, फोटोही पाठवला होता. मी तो मोठा करून शेलवर खडूने काही लिहिलंय का ते पाहिलं, नव्हतं. चौथ्या प्रश्नाला लिहिलं होतं की पुरवठादारांशी व्यावसायिक चर्चा सुरू आहे. भाच्याने शेअर विकलेले नाहीत. नवे काढलेले मात्र त्याने घेतले नाहीत, आणि पुढच्या महिन्यात तोच चौथा प्रश्न पुन्हा पाठवणार आहे.